समोरच्यालाच दिसणारा लॅपटॉप

तमाम नागरिक बंधू-भगिनींना, आठवडी बाजाराला आलेल्या व येऊ न शकलेल्या सर्वांना, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, पाटोदा मुक्कामी एका डीटीपी सेंटरमध्ये एकाच वेळी दोन लॅपटॉप दाखल झाले असून, त्यांपैकी कोणता ठेवावा व कोणता परत धाडावा हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. जनतेने शांतता राखावी. अफवांवर विश्वास ठेवू नये.

ही दवंडी मी आमच्या गाळ्यासमोरच्या चहाच्या हॉटेलात, बाकावर उभा राहून दिली होती. हॉटेलवाल्याने एवढंच विचारलं की लॅपटॉप म्हणजे कोण, आणि तो साखरेचा चहा घेतो का.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. तोवर आमच्याकडे डिश अँटेना, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आणि शॅम्पूच्या पुड्या येऊन जुन्याही झाल्या होत्या. मी बसस्टँडच्या रस्त्याला एक गाळा घेऊन कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवून देत होतो. आमचं घराणं किराणा दुकानदारीचं. ज्या मालाचं वजन करता येत नाही तो माल कसला, असं वडिलांचं मत होतं, आणि मी दिवसभर नुसती अक्षरं विकतो हे ते पाहुण्यांना सांगत नसत. गाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात माझा शाळेपासूनचा मित्र टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या घरचा फळांचा धंदा. सगळे भाऊ संत्री-मोसंबी विकत आणि हा एकटा पोटं उघडी पडलेल्या टीव्हींमध्ये रमलेला. त्यामुळे दोन्ही घरांना आमची सारखीच काळजी होती.

पत्रिकेचं काम बाहेरून दिसतं तितकं साधं नव्हतं. वर ‘॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥’, त्याखाली वधू-वरांची नावं, मुहूर्त, स्थळ. इथवर कोणाची काही तक्रार नसे. भानगड त्याखाली सुरू व्हायची. निमंत्रक कोण, त्यात पहिला कोण, मामांचं नाव कुठे, आत्याच्या यजमानांचं कुठे, आणि तळाशी उजव्या हाताला ‘आपला’ म्हणून मुलीच्या बापाचं. आमच्याकडचा माणूस लग्नातल्या आमटीत मीठ कमी पडलं तर हात धुताना विसरतो. पण पत्रिकेत नाव एक ओळ खाली गेलं, तर ते तो नातवंडांना सांगून ठेवतो.

पद्धत अशी होती की गावाकडचा माणूस वहीच्या कागदावर मजकूर घेऊन यायचा. मी तो जुळवून कच्ची प्रत द्यायचो. ती प्रत एसटीने गावी जायची आणि दोन दिवसांनी परत यायची, तेव्हा तिच्यावर निळ्या, काळ्या आणि लाल शाईत तीन वेगवेगळे पक्ष भांडत असायचे. मी दुरुस्त करायचो. ती पुन्हा जायची. मग एका रात्रीत म्हणे निमंत्रकांतले काका बदलायचे. एका लग्नाची पत्रिका तर हळदीच्या दिवशी छापून आली होती आणि लोकांनी ती आठवण म्हणून ठेवली.

यावर मला एक नामी युक्ती सुचली. कागद गावोगाव फिरवण्यापेक्षा मशीनच घरी न्यावं. सगळ्या मानकऱ्यांना एकत्र बसवावं, त्यांच्यासमोर नावं लावावीत, सगळ्यांची मान हलली की विषय संपला. त्यासाठी लॅपटॉप हवा होता. माझा मेहुणा बीडला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. त्याने आपल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे पाहून दोन पाठवून दिले, एक जुना आणि एक नवा. आठवडाभर वापरा, दाजी, एक ठेवा आणि दुसरा पुढच्या बाजारच्या दिवशी माघारी धाडा, असा निरोप.

जुना कुठल्याशा पुण्याच्या ऑफिसात राबून आलेला होता. रंग काळा, जाडी विटेची, आणि चालू केला की आतून पिठाच्या गिरणीसारखी घरघर. फ्लॉपी घालायची खाच मात्र होती. त्याच्या पडद्याला एक खोड होती. बरोबर नाकासमोर धरून बसलं की अक्षरं स्वच्छ दिसत. डोकं थोडं बाजूला नेलं की फिकी पडत, आणखी नेलं की पडदा नुसता करडा. शेजारी बसलेल्याला वाटायचं, हा माणूस राखेच्या ताटाकडे बघत बसलाय.

नवा लॅपटॉप म्हणजे नवरदेव. बारीक, चंदेरी, झाकण उघडलं की खोलीत उजेड. डावीकडून बघा, उजवीकडून बघा, दाराबाहेरून बघा, अक्षर न् अक्षर दिसायचं. मी तो गाळ्याच्या दर्शनी टेबलावर ठेवला, तर हॉटेलात चहा पिणारे लोक तिकडूनच पत्रिका वाचायला लागले आणि एकाने बसल्या जागेवरून मुहूर्ताची चूक काढली. माझं मन त्याच दिवशी ठरलं होतं.

मित्राचं मन जुन्यावर जडलं. कारण अगदी साधं होतं. तो त्याच्याकडच्या पेचकसाने उघडत होता. पहिल्याच दिवशी त्याने तो उघडून, आतली धूळ फुंकून, पुन्हा बंद करून चालवून दाखवला.

“हे नवं म्हणजे तुझ्या सासरचं पाहुणं हाय बे,” तो म्हणाला. “आजारी पडलं तर अंगाला हात लावायची सोय न्हाई. बीडला न्यावं लागंल, अन् तुझा मेहुणा म्हणंल, दाजी, काय केलं तुमी याला?”

मी म्हणालो, हे काळं धूड घेऊन गावात गेलो तर लोक मला भंगारवाला समजतील. तो म्हणाला, भंगारवाल्याला लोक घरात बोलावतात तरी. आमचा वाद हॉटेलात गेला आणि हॉटेलाचे दोन तट पडले. नव्याच्या बाजूने तरुण मंडळी आणि एक निवृत्त तलाठी. जुन्याच्या बाजूने बाकी सगळे, कारण जुना म्हटलं की आमच्याकडे माणसाला भरवसा वाटतो. आठवडा निम्मा सरला तरी निकाल नव्हता.

अशात आमच्या मागच्या गल्लीतले कापड दुकानदार एका संध्याकाळी आले. त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं होतं, नांदूरघाटला. म्हणजे ते मुलीचे मामा. पुढे मी त्यांना मामाच म्हणेन. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले की तुमी मशीन घरी आणता असं ऐकलंय, ते खरं असेल तर आमचं एक घर वाचेल.

प्रकार असा होता. मुलीचे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ यांचं नांदूरघाटला एकत्र भुसार मालाचं दुकान होतं. काही वर्षांपूर्वी दुकानाची पाटी नव्याने रंगवली. रंगाऱ्याला जागा पुरली नाही आणि थोरल्यांचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं. थोरले म्हणाले, पाटी परत रंगवा. धाकटे म्हणाले, दिवाळीला रंगवू. दिवाळी येईपर्यंत दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली होती. तेव्हापासून भावाभावांत शब्द नव्हता. घरं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढी गल्ली, आणि सगळे निरोप बायकांमार्फत.

थोरल्यांना मूलबाळ नव्हतं. धाकट्यांची ही मुलगी लहानपणापासून दोन्ही घरांत वाढलेली. भिंत झाल्यावरही ती सकाळी एका घरात भाकरी खायची आणि दुपारी दुसऱ्यात. लग्न ठरल्यावर तिने वडिलांना एकच वाक्य सांगितलं होतं आणि ते मामांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं.

“आप्पा मांडवात न्हाईत, तर मी बी न्हाई.”

आप्पा म्हणजे थोरले. आप्पांनीही उलट निरोप धाडला होता. पत्रिका माझ्या डोळ्यांदेखत ठरली पाहिजे. पाटीसारखं मागाहून बघायला लागलं, तर मी त्या दिवशी गावातच राहणार नाही, धर्मापुरीच्या देवळात जाऊन बसेन. बोलणारा माणूस नसला तरी धरलं ते सोडणारा नव्हता, हे सगळ्या घराला माहीत होतं.

मला हे ऐकून इतका आनंद झाला की तो लपवताना त्रास झाला. डोळ्यांदेखत! माझ्या योजनेला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठून मिळणार? मी मामांना म्हणालो, आप्पांना हवं तिथून बघू द्या, उंबऱ्यात बसले तरी दिसेल असं मशीन आणतो.

दुसऱ्या दिवशी मामा पहाटेच्या एसटीने पुढे गेले आणि आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर निघालो. नवा लॅपटॉप माझ्या पाठीवर. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा कळलं की मित्राने रेक्झिनच्या पिशवीत जुनाही घेतलाय. मी विचारलं, हा कावून आणलास, तर म्हणाला, तुझ्यासाठी न्हाई आणला, त्याला जरा गाव दाखवतो.

नांदूरघाटला धाकट्यांच्या बैठकीत सगळी तयारी होती. गाद्या अंथरलेल्या, मधे उंच पाट, पाटावर धुतलेला टॉवेल. मुलीचे वडील अंगाने बारीक, सारखे उठून कोणाला काय हवं ते बघणारे. मामा लोडाला टेकून. आणि उंबऱ्याच्या आत अगदी दोन वीत अंतरावर, कधीही उठून जाता येईल अशा बेताने, आप्पा. धिप्पाड गडी, पांढरी टोपी, हात गुडघ्यांवर. दोघा भावांनी माझ्यामार्फत बोलायला सुरुवात केली. वडील मला म्हणाले, त्यांना विचारा चहा घेणार का. मी आप्पांकडे वळलो. आप्पा मला म्हणाले, त्यांना सांगा मी घरून घेऊन आलोय. दोघांच्या मधे मी बसलो होतो आणि दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येत होतं.

मी झाकण उघडलं. बैठकीत उजेड पडला. शेजारच्या बायका खिडकीशी आल्या. पहिली पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली फार चांगली पाच मिनिटं होती. देवाचं नाव टाईप केलं तर सगळ्यांनी हात जोडले. मुलीचं नाव आलं तर कोणीतरी आत जाऊन तिला सांगून आलं. आप्पासुद्धा मान पुढे काढून बघत होते.

मग निमंत्रक आले. वडिलांनी आधीच सांगितलं होतं तसं मी आप्पांचं नाव पहिलं टाकलं, ठळक टायपात. आप्पांचा चेहरा हलला नाही, पण हात गुडघ्यांवरून खाली आले. मामा म्हणाले, आता आमचं. आमच्यात मामाचं नाव यादीत नसतं, त्याला वेगळी चौकट असते. खरंच होतं ते, तशी रीत होती. मी चौकट आखली आणि कुठे टाकू विचारलं. मामांनी बोट दाखवलं तिथे, मजकुराच्या मधोमध, ती टाकली.

चौकट बसायला जागा हवी होती. ती तिने करून घेतली. म्हणजे तिच्याखालची सगळी यादी सरळ खाली सरकली, आणि पहिलं नाव, ठळक टायपातलं, सगळ्यांच्या नजरेसमोर पाटावरच्या त्या लखलखत्या पडद्याच्या मध्यापासून तळापर्यंत घसरत गेलं.

कागदावर नाव खाली असतं तेव्हा ते नुसतं खाली असतं. माणूस चिडतो, शाईने खूण करतो. पण स्वतःचं नाव खाली जाताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. तेही नातेवाइकांसोबत, खिडकीतल्या बायकांसकट.

मी लगेच ते वर ओढलं. तर चौकट आखडली आणि मामांचं आडनाव दुसऱ्या ओळीत गेलं. मामा म्हणाले, हे काय. मी चौकट रुंद केली. नाव पुन्हा खाली. वर, खाली, वर. खिडकीतून कोणीतरी हसलं. आप्पा उठले. मला म्हणाले की डोळ्यांदेखत बघायचं होतं ते बघितलं. चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून गेले. त्यांच्या दाराचा आवाज बैठकीत सगळ्यांनी ऐकला.

मुलगी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. तिने तो ट्रे खाली ठेवला नाही आणि कोणाला दिलाही नाही. वडील तिच्याकडे न बघता म्हणाले, जेवून घ्या आधी सगळ्यांनी.

जेवलो. शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या आणि त्या उत्तम होत्या, हे अशा प्रसंगी लक्षात राहू नये पण राहिलंय. जेवणानंतर मामा आणि वडील आत खुसफुसत बसले. मी ओट्यावर आलो, तर गल्लीतली निम्मी माणसं तो उजेडाचा डबा बघायला थांबलेली. मला राहवलं नाही. मी त्यांना चित्रं दाखवली, गाणं वाजवून दाखवलं, एका म्हाताऱ्यांचं नाव फुलांच्या वेलबुट्टीत लिहून दाखवलं. ते म्हणाले, आमच्या म्हशीचं बी लिहा. तेही लिहिलं. मित्र भिंतीला टेकून सगळं बघत होता आणि एकदाच म्हणाला, बॅटरी बघ बे. मी बघितली तेव्हा ती संपलीच होती. वीज दुपारी गेली की दिवेलागणीपर्यंत यायची नाही, हे तिथल्या कुत्र्यांनाही पाठ होतं. नवरदेव डोळे मिटून पडला.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

“दादा, आप्पा आता इकडं येणार न्हाईत. मशीन तिकडं न्या.”

मी म्हणालो, मशीन बंद पडलंय. मित्राने रेक्झिनची पिशवी उचलली; जुन्याची बॅटरी त्याने रात्रीच भरून ठेवली होती.

आप्पांच्या ओसरीवर आम्ही गेलो तेव्हा ते सुपारी कातरत बसले होते. आम्हाला बघून म्हणाले की पत्रिका खुशाल छापा, त्यात माझं नाव घालूच नका, म्हणजे ते खाली जाण्याचा प्रश्न नाही. मुलीने ते ऐकलंच नाही असं दाखवून आतून एक स्टूल आणलं. ओसरीवर बाहेरचा उजेड इतका होता की जुन्या पडद्यावर समोरून बघणाऱ्यालाही काही दिसेना. मग तिनेच जागा काढली. कोपऱ्यात ज्वारीची मोठी कणगी होती, शेणाने सारवलेली, छातीएवढी उंच. तिच्यामागे अंधार होता. तिथे एका पोत्यावर लॅपटॉप, पुढे स्टूल. वडील आणि मामा मुलीच्या मागोमाग आले आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला टेकले. आप्पांचं घर असल्यामुळे आप्पांना उठून जाता येईना. ते फक्त तोंड फिरवून बसले.

मी फ्लॉपी घातली. जेवणाआधी नव्याला वायरीने फ्लॉपीची डबी जोडून कसाबसा उतरवून घेतलेला मजकूर त्यात होता. गिरणी घरघरायला लागली. मी यादी लावली, चौकट लावली आणि सगळ्यांना हाक मारली. मामा आले, माझ्या खांद्यावरून वाकले आणि म्हणाले, काहीच दिसत न्हाई. मी म्हणालो, समोर बसल्याशिवाय दिसत नाही, आणि समोर एकच जण बसू शकतो. तेव्हा मी उठलो, मामा बसले. मामा काही बोलले की ते उठायचे, मी बसायचो आणि बदल करायचो. मग मी उठायचं आणि मामांनी पुन्हा बसायचं. कणगीमागे एकेकाने जायचं, बाहेरच्यांना आतलं दिसायचं नाही. विधानसभेच्या मतदानाला शाळेत पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातात, तसा देखावा होता.

मामा स्टुलावर नीट बसले. मान सरळ केली, अक्षरं दिसली. बराच वेळ बघत राहिले. मग कणगीच्या बाहेर कोणी ऐकत नाही ना हे बघून माझ्या कानाशी आले.

“चौकट बारीक करा. खाली घाला, कोपऱ्यात. त्या दोघांचं जुळू द्या. पण मी सांगितलं असं बोलू नका.”

मी बारीक केली. मामा बाहेर गेले आणि मोठ्या आवाजात म्हणाले की आपली चौकट जिथल्या तिथे ठेवायला सांगितलीय, त्यात फरक करायचा नाही. ओसरीच्या टोकाला बसून त्यांनी मिशीला हात लावला. मित्र माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघंही फुटलो असतो.

कोणता लॅपटॉप ठेवला ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा उरणार नाही. बाजारच्या दिवशी नवा माघारी गेला. मेहुण्याला वाटलं, दाजींची ऐपत नाही. बायकोलाही थोडं तसंच वाटलं. मी काही खुलासा केला नाही. त्यानंतर कित्येक लग्नसराया मी ते काळं धूड आणि एक घडीचं स्टूल घेऊन हिंडलो, आणि लोक निरोप धाडताना सांगायचे की ते एकट्यापुरतं मशीन आणा, चकाकणारं नको. माणसं चारचौघांत हटून बसतात तेव्हा ती नावासाठी बसलेली नसतात, चारचौघांसाठी बसलेली असतात. त्यांना एक कणगी पाहिजे असते. मित्र अजून म्हणतो की हे त्याला आधीपासून माहीत होतं. तो खोटं बोलतो. त्याला फक्त पेचकस माहीत होता.

तर मामांनंतर मुलीचे वडील आले. स्टुलावर बसताना टोपी काढून मांडीवर ठेवली. बघितलं. म्हणाले, यादीत दादांचं, म्हणजे आप्पांचं, नाव पहिलं आहे ते काढा. मी दचकलो. ते म्हणाले, काढा आणि खाली तळाला, ‘आपला’ लिहिलंय ना, तिथे घाला. माझं वर यादीत घाला, कुठेही.

मी समजावलं की ती जागा मुलीच्या बापाची असते. पत्रिका ज्याच्या घरून निघते त्याचं नाव तिथे. लोक विचारतील. वडील पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, पाटी तेव्हा लगेच रंगवायला पाहिजे होती. एवढंच. मग टोपी घातली आणि बाहेर जाऊन मामांना म्हणाले की मुहूर्ताची वेळ तपासली, बरोबर आहे.

मी तसं केलं. तळाशी, उजव्या हाताला, ‘आपला’च्या पुढे, थोरल्यांचं नाव, आणि वर यादीत त्यांच्या रिकाम्या जागी धाकट्यांचं. मग मी स्टुलावरून उठलो आणि कणगीच्या बाहेर येऊन उभा राहिलो. आप्पांना कोणी हाक मारली नाही. सुपारी केव्हाच कातरून झाली होती, तरी अडकित्ता हातात होता. मुलगी त्यांच्याजवळ गेली, तो काढून घेतला आणि कोनाड्यात ठेवला. आप्पा काही वेळ रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग, घर आपलंच आहे आणि आपल्या घरात आपण कुठेही बसू शकतो अशा थाटात उठून, कणगीमागे आले आणि स्टुलावर बसले. स्टूल करकरलं.

मी त्यांच्यामागून आत जाऊन शेजारी उभा राहिलो. मला करडा पडदा दिसत होता, पण त्यावर काय आहे ते मला माहीत होतं. आप्पांनी वरून वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. देव, मुलगी, नवरदेव, मुहूर्त. यादीशी आले आणि थांबले. पहिल्या नावाच्या जागी धाकट्याचं नाव. त्यांची मान ताठ झाली. मी मनात म्हटलं, गेलं. उठायला म्हणून त्यांनी अंग हलवलं, डोकं बाजूला गेलं आणि अक्षरं पुसली गेली. काय झालं म्हणून ते पुन्हा समोर आले आणि अक्षरं आली. तेव्हा नजर खाली तळाशी पडली.

त्यांनी बोट पडद्याला लावलं. वाचलं. डोकं डावीकडे नेलं, नाव गेलं. परत आणलं, नाव आलं. असं त्यांनी आणखी एकदा करून बघितलं, जणू मशीन चेष्टा करतंय का ते तपासत होते. ओसरीवर मामा खाकरले. मुलीचे वडील खांबाला धरून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते. कणगीच्या वरून आप्पांची पांढरी टोपी आधी वर आली, मग कपाळ, मग चेहरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मामांकडे नाही, मुलीकडेही नाही. इतकी वर्षं जो आवाज बायकांमार्फत, आणि त्या दिवशी माझ्यामार्फत, धाकट्याकडे जात होता, तो या वेळी कोणाच्या मार्फत आला नाही. सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असे ते धाकट्यावर खेकसले,

“आरं येड्या, पोरीचा बाप तू हाईस का मी?”